पिचक्याचं काही जमत नाही

६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

तू सुचवलेल्या बाईंना काल भेटून आलो. निकाल आधीच सांगतो, म्हणजे पत्र संपेपर्यंत तुझा जीव टांगणीला नको. नाही.

बाई चांगल्या होत्या, यात तुझी काही चूक नाही. शाळेत विज्ञान शिकवतात, बोलणं मोकळं. मी निळा शर्ट इस्त्री करून घातला होता, बूटही पुसले होते. चहाच्या दुकानात खिडकीजवळची जागा मिळाली. पहिली काही मिनिटं त्याच बोलत होत्या आणि मी मान डोलावत होतो. तेवढा वेळ सगळं झकास चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही काय घेणार?" मी म्हणालो, "चहा चालेल."

एवढंच बोललो गं. त्यांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला, ओठ दाबून धरले, आणि मग हसू फुटलं ते फुटलंच. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. "माफ करा हो, पण तुम्ही... पिचक्या?"

तुझे कान गेले त्यानंतर माझी ही मुलांची कार्टून मालिका सुरू झाली, म्हणून तुला त्या आवाजाची कल्पना नाही. त्यातल्या खलनायकाचा, काळ्या सरकारचा, तो एकदाती, पाठीत वाकलेला चमचा इथे पोराटोरांच्या तोंडी आहे. "जी सरकार! चुकलो सरकार!" आणि लोकांना वाटतं तो आवाज मी काढतो. काढायचा काय, तो माझाच आहे. थोडा नाकात ढकलला की झाला पिचक्या तयार. नाही ढकलला तरी अर्धा पिचक्या असतोच.

बाईंनी मनापासून माफी मागितली. मग त्यांच्या भाचीसाठी मोबाईलमध्ये "चुकलो सरकार" म्हणून घेतलं. मी म्हटलं. निघताना त्यांनी हात हलवला, तो मला नव्हता, पिचक्याला होता.

गंमत म्हणजे आमच्या नव्या लेखिकाबाईंनी यंदा पिचक्यालाही प्रेमात पाडायचं ठरवलंय. दर भागात नवी बाई. कधी छत्र्या दुरुस्त करणारी, कधी दीपगृहात राहणारी, कधी सरकारचीच स्वयंपाकीण. शेवटी प्रत्येक बाई त्याला जिन्यावरून ढकलून देते. "मुलांना पिचक्या आपटलेला आवडतो," म्हणतात. काल भेट आटोपून मी थेट स्टुडिओत गेलो आणि काचेच्या खोलीत उभा राहून जिन्यावरून पडल्याचे आवाज दिले. लेखिकाबाई म्हणाल्या, "आज काय जीव ओतलात!"

भावोजींना नमस्कार सांग. त्यांनी पत्राच्या खाली दोन ओळी लिहायच्या असा नियम होता ना? गेल्या पत्रात दिसल्या नाहीत.

तुझा
धाकटा


१५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तुझ्या लग्नाला मात्र एकच विघ्न आहे आणि ते तू स्वतः आहेस. ती हसली म्हणून उठून येतोस? हसणारी बायको मिळायला भाग्य लागतं. दुसऱ्यांदा भेटायचं होतंस. पहिल्यांदा पिचक्यावर हसली, दुसऱ्यांदा तुझ्यावर हसली असती, तिसऱ्यांदा तुझ्याबरोबर. पण तुझं आपलं लहानपणापासून असंच. पाण्यात पाय घालायच्या आधीच टॉवेल गुंडाळून बसायचं.

तुझा पिचक्या मी बघते. आवाज नसला तरी बघते. त्याचं तोंड नुसतं उघडतं आणि मिटतं, माणसांच्या ओठांवरून जसं काही कळतं तसं त्याच्यावरून कळत नाही. पण चालतो मात्र हुबेहूब आपल्या अण्णांसारखा, एक खांदा पुढे काढून. चित्र काढणाऱ्याला तू सांगितलंस की काय?

नवीन यंत्र आणलं कानाचं. ते शिट्ट्या मारतं. आत काहीतरी उकळत असल्यासारखं वाटतं, शब्द मात्र एक कळत नाही. कपाटात ठेवून दिलंय. बाकी तब्येत ठणठणीत. शिवणाच्या दोन मुली येतात, त्यांना हातांनीच शिकवते. शिवणकामाला कान लागत नाहीत हे एक बरं.

भावोजी बरे आहेत. घाईत आहेत म्हणून लिहीत नाहीत.

नीट जेवत जा. उभ्याने खाऊ नकोस.

तुझी
ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

पत्राला उशीर झाला, कारण माझा आवाज गेला. खराखुरा गेला. पिचक्याला दीपगृहाच्या टोकावरून ढकलायचं होतं, पडताना लांबलचक किंकाळी हवी होती. सहा-सात वेळा दिली, पुढच्या वेळी घशातून नुसती हवा आली. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. म्हणाले, "गाठी धरल्यात. महिनाभर एक शब्द नाही. कुजबुजही नाही." आता शर्टाच्या खिशात छोटी वही आणि पेन्सिल घेऊन फिरतो. दुकानदार मला बहिरा समजून ओरडून बोलतात. तुझी आठवण येते.

सुरुवातीला वाटलं, त्यात काय एवढं, घरी तरी मी कोणाशी बोलतो? पण संध्याकाळी कळलं की मी बोलत होतो. जिना चढताना, गॅस लावताना, चावी सापडली नाही की. तेही बंद झाल्यावर खोली इतकी मोठी वाटायला लागली की मी खिडकीतून समोरच्या गॅरेजमध्ये बसचे पत्रे ठोकणाऱ्यांचे आवाज ऐकत बसायचो.

पण ताई, एक घडलंय. हसू नकोस.

माझी वेताची खुर्ची बसल्या बसल्या फाटली. मी खाली, पाय वर. ती घेऊन मागच्या गल्लीत गेलो. तिथे तीन पायऱ्या उतरून एक तळघरासारखी कामाची जागा आहे. एक बाई खुर्च्या विणते. टबात वेत भिजत घातलेला, बोटांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. मी वहीत लिहिलं, "बैठक फाटली आहे. बोलायची मनाई आहे." तिनं वाचलं आणि म्हणाली, "बरं झालं. इथे येणारा प्रत्येक जण आधी स्वतःचं पुराण सांगतो, मग खुर्ची दाखवतो."

आणि मग तिनंच सांगायला सुरुवात केली. वेत कसा सोलायचा, ओला असताना कसा ओढायचा. मी स्टुलावर बसून ऐकत राहिलो. दुसऱ्या दिवशी खुर्ची झाली का बघायला गेलो. झाली नव्हती. तिसऱ्या दिवशीही झाली नव्हती. मला वाटतं, तिलाही घाई नाही. मी आता वेताचं एक टोक धरून बसतो, ती दुसरं ओढते. तिच्या घरी टीव्ही नाही. तिला काळा सरकार ठाऊक नाही आणि पिचक्याही नाही. तिच्या लेखी मी एक शांत गृहस्थ आहे. मला शांत गृहस्थ आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

वय माझ्याएवढंच असेल. कपाळावर एक पांढरी बट. नवरा फार वर्षांपूर्वी कामाला म्हणून बंदराकडे गेला तो तिकडचाच झाला, एवढं तिनं सहज सांगितलं. जसं आपण पाऊण किलो कांदे सांगतो तसं.

तुझा
धाकटा


१८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. हसले नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते का ते विचारू नकोस.

आता थोरल्या बहिणीचं ऐक. बाई कष्टाची आहे, मोकळी आहे, तुला बसवून घेते आहे. काम झालेली खुर्ची झाली नाही म्हणणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती. मला ती आवडली. पण तू वहीत लिहून तिला आत्ताच सगळं सांगून टाक. मी अमुक काम करतो, माझा आवाज असा आहे, लोक हसतात, तुम्हीही हसा आणि मोकळ्या व्हा. वेळीच सांगितलं की ती गंमत असते. उशिरा सांगितलं की तीच फसवणूक होते.

आणि महिनाभराचं मौन म्हणजे काही तपश्चर्या नव्हे. मौनीबाबा होऊन बसू नकोस. माणसानं बोलावं. चार चुकीचे शब्द बोलावेत पण बोलावं. गप्प माणसाशेजारी राहणं फार कठीण असतं रे. घरात माणूस आहे हे दिसतं, पण आहे असं वाटत नाही.

असो. मी कुठे वाहवत गेले.

स्वेटर विणायला घेतलाय, तुझ्यासाठी. छातीचं माप कळव. पोट वाढलं असेल तर तेही कळव, लपवू नकोस.

भावोजी काही दिवस मुलाकडे गेलेत. तिकडचा हिवाळा सौम्य असतो.

तुझी
ताई


१४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

आवाज परत आला. डॉक्टरांनी "आ" करायला लावलं, नळी काढली आणि म्हणाले, "बोला." मी म्हणालो, "काय बोलू?" तर त्यांची नर्स खुदकन हसली. म्हणजे आवाज जसाच्या तसा परत आला.

तू रागावशील, पण खरं लिहितो. वेतवालीला सांगितलेलं नाही. ना कामाचं, ना आवाज परत आल्याचं. ती विचारते, "कधी सुटणार हो तुमचं मौन?" मी लिहितो, "डॉक्टर म्हणतात अजून थोडं." दिवसा काचेच्या खोलीत "जी सरकार" म्हणून ओरडतो आणि संध्याकाळी तिच्या तीन पायऱ्या उतरताना तोंड मिटून घेतो. लबाडी आहे, कळतं मला. पण तिथे बसलो की मी जसा असावा असं मला वाटतं, तसा असतो. तोंड उघडलं की ते संपेल. शर्टाला इस्त्री करून चहाला गेलो होतो, ते आठवतं ना?

गेल्या मंगळवारी एक झालं. मी गेलो तेव्हा ती नुसतीच बसली होती, वेत टबात फुगून गेला होता. म्हणाली, "नवऱ्याचा निरोप आलाय. जिच्याबरोबर राहत होता ती गेली. आता म्हणतोय, परत येऊ का."

मी वेताचं टोक धरून बसलो.

"इतकी वर्षं मी एकटीनं काढली," ती म्हणाली. "त्याच्यावर राग होता तोही आता शिळा झालाय. घर आहे, रिकामं आहे. पण आता तसं अगदी रिकामंही वाटत नाही, गेल्या महिन्यापासून." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही सांगा. येऊ देऊ त्याला?"

ताई, 'नको' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण मी कोण सांगणारा? नवरा-बायकोचं प्रकरण. चार दिवसांची ओळख असलेल्या माणसानं त्यात नाक खुपसावं का? मी विचार करून वहीत लिहिलं, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

तिनं ते वाचलं. परत एकदा वाचलं. म्हणाली, "अक्षर सुंदर आहे तुमचं." आणि उठून हात पुसले.

मला वाटतं, मी सभ्य माणसासारखा वागलो. तुला काय वाटतं?

छाती अडतीस. पोटाचं विचारू नकोस.

तुझा
धाकटा


१९ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद नंतर देते. आधी शिव्या खा.

अरे गाढवा! ती नवऱ्याबद्दल विचारत नव्हती, ती तुझ्याबद्दल विचारत होती. घर महिन्यापासून रिकामं वाटत नाही, हे तिनं तुला आणखी कुठल्या भाषेत सांगायला हवं होतं? फळ्यावर खडूनं लिहायचं होतं का? बाईमाणूस स्वतःच्या तोंडानं यापेक्षा जास्त बोलत नाही. तिनं दार अर्धं उघडून धरलं होतं आणि तू बाहेरून म्हणालास, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. हे सभ्य माणसाचं उत्तर नव्हे. हे तुझ्या पिचक्याचं उत्तर. जी सरकार!

आणि तोंडात जीभ असताना! खोटं बोलायला तोंड लागत नाही, हे मला या वयात तुझ्यामुळे कळलं.

बोलणाऱ्याच्या एरंड्या विकल्या जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. पत्र वाचून संपव, पायांत चपला घाल आणि जा. वही घरी ठेवून जा. तिच्यासमोर उभा राहा आणि तोंडानं सांग. हसली तर हसू दे. मी तिथे असते तर कान धरून नेलं असतं. माझ्या कानांचा नाही तर तुझ्या कानांचा तरी उपयोग झाला असता.

जा म्हणते ना!

ताई


२७ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र दुपारी मिळालं. काळ्या सरकारला आवाज देणारे आमचे गृहस्थ आणि मी घरीच एका प्रसंगाची तालीम करत होतो. पडद्यावर एवढे गडगडतात, पण मुळात फार भिडस्त माणूस. मी पत्र वाचून कोट चढवला तर म्हणाले, "अहो, माझ्या चाबकाखाली कोण येणार?" मी म्हणालो, "आज तुम्हीच या." आणि निघालो.

ती काम करत होती. माझी खुर्ची विणून पूर्ण झालेली, भिंतीला टेकवून ठेवली होती. मी पायऱ्या उतरलो आणि शेवटच्या पायरीवरूनच म्हणालो, "नका येऊ देऊ त्याला."

तिचा हात थांबला. ती हसली नाही, ताई. हसण्याचं नावही नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"आवाज आला तुमचा?"

"हो."

"कधी?"

"झाले काही दिवस."

तिनं हळू विचारलं, "मी तुम्हाला विचारलं, त्या मंगळवारी आवाज येत होता?"

खोटं सांगता आलं असतं. ती मानायलाही तयार होती, असं मला वाटलं. पण मी म्हणालो, "येत होता."

तिनं मान हलवली. बोटांच्या पट्ट्या सोडायला लागली, एकेक करून. मी भडाभडा बोलत सुटलो. काय काम करतो, माझा आवाज कसा आहे, लोक कसे हसतात, तिच्यापुढे तोंड उघडायची भीती का वाटली. पिचक्या, सरकार, विज्ञानाच्या बाई, सगळं. ती ऐकत होती. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "आवाज चांगला आहे की तुमचा. यात हसण्यासारखं काय आहे?"

तुला सांगतो, हे वाक्य ऐकायला मी इतकी वर्षं थांबलो होतो. आणि मिळालं ते असं.

"मी त्याला कळवून टाकलंय," ती म्हणाली. "रविवारी येतोय."

मी म्हणालो, "परत कळवता येईल. येऊ नको म्हणून."

"येईल की." ती माझ्याकडे न बघता वेताचे तुकडे गोळा करत होती. "पण त्यानं मला दुखवलं ते सांगून दुखवलं. परत येणार नाही म्हणून कळवलं आणि आला नाही. आता येऊ का म्हणून विचारलं. तुम्ही रोज समोर बसत होता. मी काय काय बोलून गेले तुमच्यापाशी. मला वाटायचं, या माणसाला उत्तर द्यायचंय पण देता येत नाही, आणि तेवढ्यावर मी खूश असायची. आता पुढे तुम्ही गप्प बसलात की मी काय समजायचं?"

मला उत्तर सुचलं नाही. म्हणजे पुन्हा गप्पच बसलो. तिनं खुर्ची उचलून माझ्या हातात दिली. म्हणाली, "उन्हात ठेवू नका, वेत तडकतो."

ती खुर्ची खांद्यावर घेऊन घरी आलो. विणकाम उत्तम झालंय. अजून तिच्यावर बसलेलो नाही.

तुझं म्हणणं खरं होतं. पण ते मला तो मंगळवार उलटून गेल्यावर कळलं.

तुझा
धाकटा


२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

माझ्या पत्राला उत्तर नाही. दुसरं लिहिलं, त्यालाही नाही. वाटलं, रागावली असशील. मग काळजी वाटायला लागली म्हणून भाचेबुवांना फोन केला. म्हणाले, आई बरी आहे. मी म्हटलं, मग भावोजींना सांगा तिला दोन ओळी लिहायला लावा. तर म्हणाले, "बाबा तर इथेच आहेत, मामा. ऑक्टोबरपासून. तुम्हाला माहीत नाही?"

ताई, जानेवारीत तू लिहिलंस, भावोजी घाईत आहेत. फेब्रुवारीत लिहिलंस, काही दिवसांसाठी गेलेत. मी माझ्या एका खुर्चीचं रडगाणं तीन-तीन पानं लिहीत होतो आणि तू त्या घरात एकटी बसून मला शहाणपण शिकवत होतीस. मला एकदाही संशय आला नाही. मीच वाचताना डोळे मिटून घेतले असणार.

काय झालं ते सांग. फक्त 'तुला योग्य वाटेल तसं कर' असं मला लिहू नकोस म्हणजे झालं.

तुझा
धाकटा


२६ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. मागचे राहिलेलेही यातच धर.

तुझ्यावर रागावले नव्हते. तुझं ते पत्र वाचलं, त्या बाईनं तुला जे सांगितलं ते वाचलं, आणि मग मला लिहिताच येईना. ती माझंच बोलत होती.

भांडण झालं नाही. तुझे भावोजी वाईट नाहीत, हे आधी लिहून ठेवते, नाहीतर तू त्यांच्यावर धावून जाशील. कान गेले तेव्हा सुरुवातीला ते कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मला सगळं लिहून दाखवायचे. बातम्या, शेजारच्यांच्या गमती, अगदी विनोदसुद्धा. मग वाक्यं तोकडी झाली. मग नुसते शब्द उरले. "जेवण." "औषध." "दिवा." ओरडायचे तेव्हा त्यांचा घसा दुखायचा आणि मला तरी कुठे कळायचं? एक दिवस शेजारचे दारात आले होते. हे त्यांच्याशी अर्धा तास बोलत होते. हातवारे काय, हसणं काय! मी इतकी आनंदले. ते गेल्यावर विचारलं, "काय म्हणत होते?" हे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "काही नाही."

तेवढे दोन शब्द मला ओठांवरून स्वच्छ वाचता येतात. सगळ्यात जास्त सराव त्यांचाच झालाय.

ऑक्टोबरात आठ दिवसांसाठी म्हणून छोटी बॅग घेऊन मुलाकडे गेले. पुढच्या महिन्यात मुलाचा निरोप आला की बाबांचे गरम कपडे पाठव. मी मोठी बॅग भरली. प्रत्येक स्वेटरची बटणं तपासून, सैल होती ती घट्ट करून पाठवली. तुला कोण सांगणार होतं? आपला नवरा आपल्याला ऐकू येत नाही म्हणून कंटाळून गेला, हे लिहायचं कसं?

मुलगा म्हणतो, आई तूही ये. गेले होते चार दिवस. ते सगळे एकदम बोलतात, एकदम हसतात. एकदा हसू ओसरल्यावर मी हसले, तर नात माझ्याकडे बघायला लागली. त्यापेक्षा इथे बरं. इथे मी एकटी आहे हे निदान खरं आहे.

तुझ्या वेतवालीवर माझा राग नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. आणि तुझ्यावरही नाही. तू शेवटच्या पायरीवरून का होईना, बोललास. या वयात शिकलास, पण शिकलास.

तुझा स्वेटर पूर्ण झाला, पण आता उन्हाळा लागला.

तुझी
ताई


४ मे

ती. ताईस,
सा. न.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारच्या गाडीनं मी येतोय. येऊ का असं विचारत नाही. नको म्हणायचं असेल तर तसं कळव, तरी येणारच आहे.

लेखिकाबाईंना सांगितलं, महिनाभर नाही. त्यांनी शेवटच्या भागात पिचक्याचं लग्न बुजगावण्याशी लावायचं ठरवलं होतं. ऐन मुहूर्तावर वारा येतो आणि नवरी उडून जाते. मी दोन दिवस बसून ते सगळं आटोपलं. नवरी उडून जाते तिथे पिचक्यानं भोकाड पसरायचं होतं. मी तसं दिलं, मग म्हटलं, एकदा वेगळं करून बघू का? आणि नुसतंच म्हणालो, "अगं, थांब." पिचक्याच्या आवाजात, पण न ओरडता. काचेपलीकडे कोणी हसलं नाही. लेखिकाबाई म्हणाल्या, "हे मुलांना कळणार नाही." भोकाडच ठेवलंय.

भावोजींना फोन केला होता. मी ओरडलो नाही. ते म्हणाले, "मला तिची आठवण येते रे, पण तिथे गेलो की मला बोलावंसं वाटत नाही. तिला काय सांगू?" मी म्हणालो, "हेच सांगा. लिहून पाठवा." बघतो म्हणाले. पाठवतील की नाही, सांगता येत नाही. तू वाट बघू नकोस, आणि आलं तर फाडूही नकोस.

परवा गल्लीतून जाताना वेतवाली दिसली. पायऱ्यांवर वेताची मोळी सोडवत होती, नवरा दुसरं टोक धरून उभा होता. थोराड, थकलेला माणूस. पूर्वी असतो तर पलीकडच्या बाजूनं निघून गेलो असतो. मी थांबून म्हणालो, "बऱ्या आहात ना?" ती म्हणाली, "बरी आहे. तुमचा घसा?" मी म्हणालो, "चाललाय." नवऱ्यानं माझा आवाज ऐकून मान वर केली, त्याला हसू आलं. तिला आलं नाही. मग मी पुढे गेलो. कोपऱ्यापर्यंत नीट चाललो, नंतर थोडा वेळ एका दुकानाच्या काचेसमोर उभा राहिलो. आत नळाच्या तोट्या मांडल्या होत्या. त्या बराच वेळ बघितल्या.

तुझ्याकडे येऊन मी खूप बोलणार आहे. तुला कळेल न कळेल, तू माझ्या तोंडाकडे बघत राहा. नाही कळलं तर परत सांगेन. मला दिवसभर ओरडायची सवय आहे, माझा घसा लवकर दुखत नाही.

तुझा
धाकटा


८ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

ये.

पुढच्या खोलीतली गादी उन्हात घातली आहे. ओरडू नकोस, नुसतं हळू आणि समोर बसून बोललास तरी पुरे.

गाडी सकाळी पोचते. आलास की दार वाजवत उभा राहू नकोस, मला ऐकू येत नाही. कडी काढून ठेवते. ढकल आणि आत ये.

ताई